शाळा सोडण्याचे कारण

प्रिय भाऊसाहेब,

हे पत्र तुम्हाला आहे, पण उद्या तुमच्या शोकसभेत मी ते मोठ्याने वाचणार आहे. समोर आपल्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडलेली आम्ही सगळी असू. कुणी यंत्रमागावरून सुट्टी काढून आलेला, कुणी दवाखान्यातली ड्यूटी बदलून आलेली, कुणी पोराला कडेवर घेऊन. आम्हा सगळ्यांचं दुखणं एकच. निकालाच्या दिवशी गल्लीभर पेढे मागणारे असतात. दुसऱ्या दिवशी ‘आता पुढं काय?’ विचारायला एक माणूस दारात येत नाही!

तुम्ही यायचात. तुम्ही शाळेचे कारकून. दाखला लिहायचा, खिडकीतून द्यायचा, एवढंच तुमचं काम. तेवढं करून घरी का नाही गेलात कधी?

माझा दाखला न्यायला बाबा मला घेऊन आले होते, आठवतं? सगळे रकाने भराभर भरलेत आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ इथे तुमचा पेन थांबला. “वंदना, पुढं काय?” मी बाबांकडे पाहिलं. आईबरोबर विड्या वळायच्या, हे घरात ठरलेलं होतं.

“तिकडं नको बगू. मी तुला इचारलो.”

“कॉलेज,” मी पुटपुटले. तुम्ही ठसठशीत अक्षरात लिहिलंत, ‘पुढील शिक्षणासाठी’. आणि गोल शिक्का असा हाणलात की टेबल हललं.

बाबांना वाटलं, हा सरकारी हुकूमच! घरी आई भांडायला उठली तर म्हणाले, “आता सरकारनंच लिवलंय, मी काय करू?” पुढे वर्षभर ते मला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायचे. हजेरी चुकली तर पोलीस येतील, ही धास्ती. तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं, आणि तुम्ही एकदाही त्यांचा गैरसमज दूर केला नाहीत. किती लबाड हो तुम्ही!

त्या एका ओळीवर मी इथवर आले. आज मी गावोगाव भाषणं करते, लोक ऐकतात. आणि तुम्ही एकदाच काही मागितलंत, तेव्हा मी काय केलं?

यंदाच्या निकालानंतर तुमचा फोन आला. निवृत्त झालात तरी जूनमध्ये शाळेत जाऊन बसतच होतात. “एका घरी जायचंय. पोरीचा मामा माझं ऐकंना. तू बोललीस तर ऐकतंय बघ.” मी म्हणाले, “उद्या मोहोळला भाषण आहे, भाऊसाहेब. पुढच्या आठवड्यात नक्की.” भाषणाचा विषय सांगू? मुलींचं शिक्षण. टाळ्या भरपूर पडल्या. पुढच्या आठवड्यात करमाळ्याचं भाषण निघालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात.

मला वाटत होतं, तुम्ही एकटेच त्या घरी जाऊन आला असाल. परवा नव्या कारकुनांनी तुमचं कपाट उघडलं आणि एक गठ्ठा माझ्या हातात दिला, म्हणून हे पत्र. सतरा दाखले, कुणी न नेलेले. गुणपत्रिका मिळाली की झालं, असं घरच्यांना वाटतं. दाखल्यावाचून पुढचं एकही दार उघडत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. सतराही दाखल्यांवर कारणाचा रकाना कोरा. प्रत्येकाला टाचणीने एक चिठ्ठी, तुम्ही पेन्सिलीने लिहिलेली, पत्त्यासकट. ‘आई दुपारी घरी.’ ‘थोरल्या भावाचं ऐकतात.’ ‘बाप तापट, आधी चहा घ्यावा.’

आणि एक अशी: ‘अंबिका. आयटीआय, वायरमन. आजी तयार. मामा नाही. वंदनाला घेऊन जाणे.’

भाऊसाहेब, तुम्ही माझी वाट पाहत होतात!

आणखी एक विचारू? हे सगळं एकट्यानेच का केलंत? आम्ही एवढ्या जणी, एवढे जण या गावात होतो. दमात घेऊन कामाला लावायचं होतंत की आम्हाला!

काल अंबिकाच्या घरी गेले. मामा म्हणाला, “ताई, पोरगी खांबावर चढणार व्हय आता?” आजीने सुपातल्या विडीवरची नजर न काढता सुनावलं, “तू चढ की मग! फ्यूज उडाला की शेजारच्याला हाका मारतोस, आन् हिला शिकवतोस.” मी माझं भाषण सुरू केलं. अगदी जोरदार. मामाने मोबाईल काढला.

मी थांबले. अंबिकाकडे वळून विचारलं, “पुढं काय?” तिने मामाकडे पाहिलं.

“तिकडं नको बघू. मी तुला विचारलंय.”

“वायरमन,” ती म्हणाली. खणखणीत.

मामाने मोबाईल खिशात घातला. मग हळूच म्हणाला, “हिचा बाप भिवंडीला मागावर हाय. उद्या मलाच धरंल तो. कागदावर लिवून द्या. शिक्का मारून. दाखवायला बरं पडतंय.”

आज सकाळी शाळेत तो रकाना भरला. मामा शेजारी उभा होता. शिक्का जोरात मारायला सांगितला मी.

सोळा उरलेत. प्रवेशाची मुदत शनिवारी संपते. माझा शब्द घ्या, भाऊसाहेब: इथून पुढे दर जूनमध्ये तुमचं कपाट रिकामं होईपर्यंत मी एकाही व्यासपीठावर चढणार नाही.

आणि सभेत बसलेल्यांनो, आज हार नको, भाषण नको. त्या टेबलावर सोळा चिठ्ठ्या मांडल्या आहेत. जाताना एक उचला आणि घरी जाण्याआधी त्या पत्त्यावर जा. बाप तापट असेल तर आधी चहा घ्या. मग त्या मुलाला, त्या मुलीला, त्यांच्याकडेच बघून विचारा, “पुढं काय?”

सरकारने कॉलेजात पाठवलेली तुमची,
वंदना