काम शिल्लक नाही

प्रिय निकिता,

फोनवर तू "जेवलीस का?" विचारतेस, मी "हो" म्हणते आणि पुढं दोघींनाही काही सुचत नाही. म्हणून आज कागद घेतला.

मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा तू तुझा जुना लॅपटॉप ठेवून गेलीस, "वेळ जाईल" म्हणून. तुझे बाबा गेले तरी शाळा होती, तोवर चारठाण्याचं हे घर मला फक्त झोपायपुरतं लागायचं. आता दुपारी एखादं भांडं पडलं तरी बरं वाटतं, काहीतरी वाजलं म्हणून.

मग व्हिडिओ बघत बघत कामांच्या यादीचं छोटंसं वेब अ‍ॅप बनवायला घेतलं. चौकटीत काम लिहायचं, 'जोडा' दाबलं की ते खाली येतं; झालं की खूण करायची, ते निघून जातं. एवढं जमलं. पण पान पुन्हा उघडलं की सगळी कामं गायब! आठवडाभर डोकं फोडलं.

शेजारचे बन्सीधरराव, वाचनालयातून निवृत्त झालेले, पेपर मागायला आले. पत्नी गेल्यापासून तेही एकटेच. "बाई, काय करायलाव एवढं?" म्हणाले. त्यांना यातलं काही कळत नाही, पण समोर बसून माझं एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागले आणि मी व्हिडिओशी ताडून पाहू लागले. तेव्हा सापडलं. 'कामे' हा शब्द इंग्रजी अक्षरांत साठवताना मी एका 'ए'नं लिहिला होता आणि परत काढताना दोन 'ए' लावून. जन्मभर पोरांचं शुद्धलेखन तपासलं मी! दोघंही खूप हसलो. या घरात किती दिवसांनी कुणी हसलं असेल.

यादी रिकामी झाली की दिसावी म्हणून मीच एक ओळ लिहिली होती, 'काम शिल्लक नाही.' दुसऱ्या दिवशी दूध, दळण, लाइट बिल, सगळं सकाळीच उरकलं आणि ती ओळ समोर आली. अख्खा दिवस पुढं पसरलेला. मला रडू आवरेना. बन्सीधरराव दारात आले होते. समजूत वगैरे काढली नाही. "चला, देवळाकडं जाऊन येऊ. मला बी घरात बसवंना," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून रोज जातो. जुन्या देवळाच्या ओट्यावर बसतो. ते फार बोलत नाहीत. मला ताप आला तेव्हा त्यांनी खिचडी करून आणली. लय खारट होती. मी सगळी खाल्ली.

निकिता, आम्ही लग्न करतोय. परभणीला नोंदणी कार्यालयात नोटीस दिली आहे. परवानगी मागत नाही, आणि बाबांची जागा कुणाला देतही नाही. तुला राग येईल, येऊ दे. पण तो तिथं एकटीनं गिळू नकोस, इथं माझ्यासमोर बसून काढ. साक्षीदार म्हणून त्यांच्याकडून दोघं आहेत. माझ्याकडून कुणी नाही. सही करायला येशील?

तुझीच,
आई