सव्वाचारचं विमान

चि. भिकन,

आपल्या घरातला पुरुष दौलताबादचा गड चढत नाही, या आईच्या नियमाला तू हसायचास. म्हणायचास, "आई, मी तर गडाच्या वरून विमान नेतो की!"

मेंढरांमागं गडाचा चढ चढताना आजोबा बसले, ते उठलेच नाहीत. पुढं वडिलांचं, आपल्या अण्णांचंही तसंच झालं. वारं लागलं, असं आपण म्हणत आलो. म्हणून तुझ्या वैमानिकाच्या फॉर्मवर 'कुटुंबात फुप्फुसाचा आजार' यापुढं मीच 'नाही' लिहिलं.

सोमवारी डॉक्टरांनी माझ्या छातीचा स्कॅन दाखवला. फुप्फुसात हवेचे फुगे आहेत. ते रक्ताच्या नात्यातून येतात, उंचीवर फुटू शकतात. भावंडं किती, असं त्यांनी विचारलं. मी 'एक' म्हणाले. तू काय करतोस, ते सांगितलं नाही. आईलाही स्कॅनबद्दल बोलले नाही.

काल तू फोनवर खोकलास. आईनं पेटीतून घोंगडी काढून गच्चीवर उन्हात टाकली. आजोबांना आणि अण्णांना शेवटी पांघरलेली तीच.

"आई, कशाला गं?"

"त्यो खोकला मला ठाऊक हाय. लागंल ती."

कळवण्याआधी तुला विचारलं असतं, तर तू नको म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं. म्हणून विचारलं नाही; हे पत्रही इथंच ठेवते. तुझ्या वैद्यकीय तपासणी अधिकाऱ्यांना मात्र सकाळीच सगळं कळवलं. तुझं उडणं मी थांबवलं, भिकन.

सव्वाचारला, तू रोज नेतोस ते विमान घरावरून गेलं. आईनं मान वर करून ऐकलं.

"यात आपला भिकन नाय," ती म्हणाली. मग घोंगडीची घडी घातली आणि माझ्या खाटेवर आणून ठेवली.

तुझी,
अक्का