उडण्याचं परमिट

२ फेब्रुवारी, सोमवार
हॉलमध्ये सासऱ्यांच्या फोटोशेजारी आज एक जर्मन आला! दाढीवाला. कापडाचे पंख लावून टेकडीवरून उडी मारतोय. लिलिएन्थाल म्हणे. एकशेतीस वर्षांपूर्वी बिनइंजिनाचा उडायचा. ह्यांनी त्याला हारही घातला.
"दोन हजार उड्या मारल्या," हे म्हणाले.
"मग? पुढे काय झालं त्याचं?"
"चहा टाक."
फोनवर बघितलं. पडून मेला!! म्हणजे हार बरोबरच आहे.

५ फेब्रुवारी
पंख तयार. बांबू मनोरच्या बाजारातले, कापड माझ्या पडद्यांचं. विचारलंसुद्धा नाही! ठेवलेत चिंचणीला गोमाच्या पडवीत, जाळ्यांशेजारी. गोमाकडून आम्ही बोंबील घेतो, एवढीच ओळख.
ह्यांना काय, तर स्वतःच्या पंखांवर उडणारा जिल्ह्यातला पहिला माणूस व्हायचंय. बासष्टाव्या वर्षी. ब्याऐंशी किलो! बोईसरच्या कारखान्यात एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर. लोकांना शिड्यांवरून खाली उतरवण्यात हयात गेली, आता स्वतःला चढायचंय.

७ फेब्रुवारी
सकाळी परमिट भरलं. उंचीवर काम करायचं जुनं परमिट, तीन प्रतींत. कामाचं स्वरूप – उडणे. संभाव्य धोका – पडणे. उपाय – न पडणे. अर्जदार हेच, मंजुरी देणारेही हेच. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. मी केली. बाई, का केली मी?

८ फेब्रुवारी, रविवार
हेल्मेट, गॉगल, गमबूट, कमरेला पट्टा. आधी गोमाला आणि दोन कुत्र्यांना सुरक्षेवर दहा मिनिटं भाषण. मग वाळूच्या उंचवट्यावरून धावले. पंखांत वारा भरला, पाय सुटले – वीतभर, पण सुटले! मी डोळे मिटणार तेवढ्यात मागून काहीतरी करकचलं आणि हे तोंडावर वाळूत.
पट्ट्याची दोरी सुरूच्या झाडाला अडकवलेली!
"सायब, पक्षी दोरी बांदून उडतो काय?" गोमा म्हणाला.
ह्यांनीच अडकवली होती. हुक लावल्याशिवाय उंचीवर जायचं नाही, एकतीस वर्षांची सवय. हात आपोआप गेला म्हणे.
पुढचा दात अर्धा गेला. मी खूप हसले. रिक्षात हे हळूच म्हणाले, "वत्सला, पाय सुटले होते गं." मग मला रडू आलं.

९ फेब्रुवारी
येत्या रविवारी परत. दोरीशिवाय. परमिटवरचा छापील 'दोरी' शब्द खोडून सही केली.
काल दोरीनेच वाचले, हे ह्यांना कोण सांगणार? मला भीती वाटते. जिल्ह्यातला पहिला माणूस नको, मला हे हवेत, धडधाकट. पंख मोडून टाकणार. ठरलं.

११ फेब्रुवारी, बुधवार
हे दाताच्या डॉक्टरकडे गेले, मी कोयता घेऊन चिंचणीला. पडवीत कोयता फिरवायला जागा नाही, म्हणून पंख बाहेर उंचवट्यावर आणले. उचलायचे तर हात आत घालावेच लागतात. आणि समुद्रावरून वारा आला.
उडाले. मी! गोमाने वाळूत पावलं मोजली – तेवीस.
पंख पुसून जागेवर ठेवले. गोमाला शपथ घातलीय, कुण्णाला बोलायचं नाही. रविवारी पहिले हेच उडणार.