‘बाग आहे ना?’

३ डिसेंबर
स्कॅन स्वच्छ. नाशिकच्या हॉस्पिटलातल्या मॅडम म्हणाल्या, “लिम्फोमा गेला. आता तीन महिन्यांनी तोंड दाखवा.” विलास तिथंच, लोकांसमोर रडला. नवरा रडतोय आणि माझे डोळे कोरडे. पिंपळगावला परत येताना वाटभर डोक्यात एकच माणूस, डॉ. क. आमचे फॅमिली डॉक्टर! विलासने पेढे घेतले. म्हटलं, एक पुडा क.च्या टेबलावर आपटून येते. “आज तरी नको.” बरं, आज नको.

५ डिसें.
विसरायच्या आत लिहून ठेवते. गेल्या वर्षी ऑक्टोबरात खाज सुरू झाली. अंगभर, रक्त निघेस्तोवर. मग खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरलं. आठ महिने क.कडे खेटे. दर वेळी तेच, “द्राक्षांवरच्या फवारणीची ॲलर्जी. छाटणी झाली की अख्ख्या पिंपळगावाला होते.” मलम, गोळ्या, एकदा सलाईन. आठ महिन्यांत तो माणूस खुर्चीतून एकदाही उठला नाही.
गाठ सापडली ती शोभाताई टेलरला. ब्लाउजचं माप घेताना टेप मानेशी थांबली. “मॅडम, हे काय हाय? सुपारीएवढं लागतंय.” मग नाशिक, तपासण्या, चार महिने किमो. शोभाताईला डॉक्टर करायला हवं होतं.

१४ डिसें.
शाळेत रुजू. दहावीला बीजगणित घेतलं. केस पेरभर आलेत. मुली म्हणतात छान दिसतात. खोटारड्या कुठल्या.
स्टाफरूममध्ये परत सगळं सांगितलं. मी काय काम करते हेसुद्धा क.ने विचारलं नाही. गणित शिकवणारी बाई मी, जन्मात कधी पाठीला पंप लावला नाही, मला कसली फवारणी? सांगताना आवाज चढतो. चढू दे.

२ जाने.
मेडिकल कौन्सिलला क.विरुद्ध तक्रारअर्ज लिहायला घेतला. चार पानं झाली, अजून पोट भरलं नाही.
विलास : “सोड ना आता. वाचलीस ना?”
वाचले म्हणूनच लिहितेय. मेले असते तर तू लिहिणार होतास?
मला क.चा परवाना हवाय. तो नाही तर निदान त्याची झोप.

१९ जाने.
आमच्या बागेतली द्राक्षांची पहिली पेटी आली. दर साली ती क.च्या घरी जाते, सासरे होते तेव्हापासून. सासूबाईंनी जाड मण्यांचे घड निवडून भरलेलीसुद्धा.
“त्याला द्राक्षं?”
“आगं, रीत हाये ती. देवमाणूस हाये त्यो. चुकला आसंल एक डाव.”
एक डाव नाही, आठ महिने. पेटी उचलली आणि शोभाताईला नेऊन दिली. सासूबाई जेवल्या नाहीत. मी दोनदा भात घेतला.

२७ जाने.
केसपेपरची झेरॉक्स अखेर मिळाली, तिसऱ्या खेपेला. कंपाउंडर म्हणतो, “कशाला पाहिजे मॅडम?” म्हटलं, फ्रेम करायला.
घरी येऊन वाचली. पहिल्याच तारखेला, त्याच्या अक्षरात : स्वतःची द्राक्षबाग. फवारणी.
हे त्याला कुणी

२८ जाने.
काल पुढे लिहवलं नाही.
मीच. मीच सांगितलं. त्याने विचारलं होतं, “बाग आहे ना?” आणि मी ताठ बसून म्हणाले, “आहे ना! दोन एकर थॉमसन.”
बाग पाच वर्षं झाली, गावातला बबन वाट्याने करतो, निम्मं पीक त्याचं, फवारणीही त्याचीच. मी जाते ती घड लागले की फोटो काढायला. पण वाट्याने दिली म्हटलं की लोक म्हणतात, ह्यांच्याने होईना. म्हणून आमच्या घरात तसं कुणी म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. अंग खाजवत बसले होते आणि तरी तोरा गेला नव्हता.
लाज वाटते. स्टाफरूममध्ये काय काय बोलले मी. आणि त्याचा राग तर दुप्पट येतो, कारण आता त्याच्याकडेही बोलायला काहीतरी आहे.

८ फेब्रु.
अर्ज फाडला. “व्यवसाय विचारला नाही” असं आता लिहिता येणार नाही.
विलास : “मग उरलं काय?”
मान उरली. आठ महिन्यांत अकरा वेळा गेले, मानेला एकदाही हात नाही. थाप मी मारली असेल, माझ्या गाठीने नव्हती मारली.
नवा अर्ज दीड पानाचा. माझं “आहे ना!” सुद्धा लिहिलं त्यात. फार जड गेलं. पाकीट चिकटवून पर्समध्ये ठेवलंय.

१३ फेब्रु.
शाळा सुटल्यावर क.च्या दवाखान्यात. नंबर सात. माझ्या मागे आठ नंबरची बाई, हात खाजवून खाजवून सोललेले.
“या मॅडम! बरं वाटलं बघून. काय म्हणते बाग?”
म्हटलं, “बागेचं बबनला विचारा, तो वाट्याने करतो. मी शाळेत गणित शिकवते. पहिल्या दिवशी तुम्हाला हे सांगितलं नाही, ती माझी चूक. आता उठा आणि माझी मान बघा.”
हसला आधी. मी हसत नाही म्हटल्यावर उठला. टेबलाला वळसा घालून आला. गार बोटं. बायोप्सीच्या व्रणाशी थांबली. “मला वाटलं होतं की...” मी वाट पाहिली. मग म्हटलं, “ही मान बघायची राहिली, ती तुमची चूक.” तोंड पांढरं पडलं त्याचं. फार फार बरं वाटलं मला.
बाहेर येऊन चपला घालत होते. आठ नंबर आत गेली. पडद्यामागून त्याचा आवाज, “बाग आहे ना?”
चप्पल हातातच राहिली. खुर्ची सरकते का, कान देऊन ऐकत उभी. तेवढ्यात दारात एक टेम्पो मागे घ्यायला लागला, त्याच्या पींपींमध्ये काही ऐकू आलं नाही. ती बाई लगेच बाहेर आली, हातात मलमाची चिठ्ठी. विचारलं, “मान बघितली का हो?” ती माझ्याकडे बघतच राहिली, नि पदर ओढून घाईने निघून गेली.
पाकीट अजून पर्समध्ये. उद्या शाळा सुटली की परत जाते. नंबर नाही लावायचा. नुसतं पडद्यापाशी बसून खुर्ची सरकते का ते ऐकायचं, मग पाकिटाचं ठरवायचं.