डाव्या हाताचा चाकू

९ नोव्हें., रवि.
गारगोटीहून परतीच्या एस.टी.त लिहितेय. अक्षर नाचतंय.
आईने पेरू कापून, बिया काढून, ताटलीत घालून आप्पांपुढे ठेवला. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेल्यापासून रोज असंच. आज त्यांनी ताटली सरकवली. "मी काय दात न आलेलं पोर हाय व्हय?" आई आत जाऊन डोळे पुसत बसली. मला दोघांचाही राग आला, दोघांचं वाईटही वाटलं.
दारातल्या पेरूखालच्या कट्ट्यावर बसून गल्लीतल्या सगळ्यांना पेरू कापून घालणारा माणूस. पात्यावर फोड, फोडीवर तिखट-मीठ. त्यांचा जुना चाकू दादाने कपाटावर टाकलाय. खाली काढून पाहिला. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्या हाताच्या नखाने पातं ओढायचं. आता जमणार नाही.
एका हाताने उघडेल असा शोधायचा. ठरलं. बाहेर नुसता ऊस, तुरे आलेला, डोळ्यांपुढून सरकतोय. झोप येतेय की काय.

१२ नोव्हें., बुध.
शाळा सुटल्यावर लक्ष्मीपुरीच्या बाजारात. उजवा हात पदराखाली घेऊन एकेक चाकू डाव्या हाताने उघडून पाहिला.
दुकानदार : "ताई, हाताला काय लागलंय काय?"
"नाही. वडिलांचा हात आहे."
तो बघतच राहिला. काय बोलून गेले!
बटण दाबून उघडणारा मागितला, तर म्हणाला, "तसला न्हाय ठेवत. पोलीस यून बसत्यात की मग." स्टीलच्या मुठीचे हातातून निसटतात. एकात कात्री, करवत, बाटली उघडायचं, सगळं. पेरूपुरतं पातं तेवढं नाही. भारीतले पाहिलेच नाहीत. आप्पा आधी किंमत विचारणार, जास्त सांगितली की पेटीत ठेवून देणार.
रिकाम्या हाताने घरी. रंगपेटीतले ब्रश धुताना पेरूच्या पानांचा वास आल्यासारखा वाटला. इथे कुठला पेरू.

१६ नोव्हें., रवि.
कागलला मैत्रिणीकडे गेले होते. बाजारात एक मावशी गोणपाटावर विळे, खुरपी मांडून बसलेल्या, आणि कडेला लाकडी मुठीचे मिटणारे चाकू! ना स्प्रिंग, ना खटका. एका रिबिटीवर, ठोकून बसवलेल्या खिळ्यावर, पातं फिरतं. पात्याला मागे छोटं शेपूट, अंगठ्याने दाबलं की पातं वर येतं. डाव्या अंगठ्याने दाबलं. आलं! मी मोठ्याने हसले.
मावशी : "ओला ठिवलासा तर गंजंल. मग माझ्या नावानं वरडू नगासा."
फार स्वस्त. पिशवीत घालवेना, मुठीतच धरून आणला. मुठीला धुराचा वास आहे. वाटेत तीन-तीनदा हुंगला.

२० नोव्हें., गुरु.
रिबीट घट्ट होती. खोबरेल सोडलं. ऑफ तासाला स्टाफ रूममध्ये उघड-मीट, उघड-मीट, डाव्या हाताने. त्या नादात कुठे गेले होते कोण जाणे. भानावर आले तर पातं सैल झालेलं, आणि आपोआप मिटून बोटावर. रक्त.
घाबरले. आप्पांचा एकच हात उरलाय, आणि मी त्याच हातासाठी हे नेतेय. दादा काय म्हणेल ते आत्ताच ऐकू येतंय.
घरी येऊन वरवंट्यावर ठेवून हातोडीने रिबीट ठोकली. फार घट्ट. पुन्हा तेल. आता माझ्या डाव्या हाताला बरोबर. त्यांच्या? डाव्या हातानेच पेन्सिल तासली आणि पेरूचं पान काढलं. वाकडं आलं. आवडलं.

२३ नोव्हें., रवि.
गारगोटी. दादा दारातच भडकला. "येडी हायस काय? त्यांच्या हातात चाकू देतीस?"
म्हटलं, हातात कुठे देतेय. आप्पांनीच शिकवलंय, चाकू कुणाच्या हातात द्यायचा नाही, भांडण लागतं. खाली ठेवायचा, ज्याला हवा त्याने उचलायचा. आणि ठेवणाऱ्याने परत हात लावायचा नाही.
पेरूखालच्या कट्ट्यावर ठेवला, त्यांच्या डावीकडे. बाजूला झाले.
आप्पा बराच वेळ चाकूकडे बघत होते.
"केवढ्याला?"
सांगितलं.
"फशीवलं तुला."
एवढंच. डावा हात मांडीवर तसाच. ऊन कट्ट्यावरून उतरलं, चहा झाला, एस.टी.ची वेळ झाली. उचलून त्यांच्या मुठीत कोंबावा असं फार वाटलं. निघाले. फाटकातून वळून पाहिलं, चाकू तिथेच.

२४ नोव्हें., सोम.
पहिल्या तासाआधी आईचा फोन. "कट्ट्यावरचा चाकू तू न्हेलास काय गं?"
नाही.
"दादा म्हणतोय, म्या हात लावला न्हाय."
आप्पांना विचार ना.
"इचारलं. बोलत न्हाईत. पेरू कापून आणू काय म्हटलं, तर म्हणालं, कापू नगंस. तसाच आण."
मग? दिलास?
"दिला की. आत यून हुबी हाय. बघायला भ्या वाटतंया."
घंटा झाली. पोरं वर्गात गेली. मी व्हरांड्यात, आई चुलीपाशी, दोघी फोन कानाला लावून उभ्या.