लंगडं मेंढरू

९ ऑक्टोबर, निवारा

आलो एकदाचे! लांबच्या पायवाटेवरचा आमचा पहिलाच मुक्काम. खांदे भरून आलेत, टाचेला फोड आलाय, तरी मी भलती खूश आहे. दादा म्हणतो, मी चालते कमी आणि बोलते जास्त. म्हणू दे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हा गडी पुन्हा डोंगर चढेल असं कुणाला वाटलं होतं? निघताना वहिनीने मला दहादा बजावलं, याला धड घरी आण. आणणारच.

वाटेत हरणं दिसली, एक गलेलठ्ठ ससा दिसला, आणि दिवस कलताना मेंढरांचा कळप. तीन कुत्री हाकत होती, मेंढपाळ कुठेच नाही. काय ती शिस्त! एक मेंढी लंगडत होती. कुत्र्यांनी तिला बरोब्बर वेगळी काढली, वरच्या दगडी कोंडवाड्यात नेऊन सोडली आणि बाकीचा कळप घेऊन निघून गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. निवारा सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं, यांचा धनी कोण? त्या म्हणाल्या, धनी वर गेला तो परत आलाच नाही, कुत्री मात्र त्याचा वाटा अजून पोचवतात. बाईंना थट्टेची भारी हौस दिसते.

१० ऑक्टोबर, सकाळ

कोंडवाडा रिकामा. रक्त नाही, हाड नाही. दगडांवर नुसती लोकर, ओली. दाराला बाहेरून कडी. दादा म्हणाला, कोल्हा असेल. कोल्हा कडी लावून जातो होय? हसलो दोघं. पण मग भराभर चालायला लागलो.

दुपार

घात झाला. उतारावर दादाचा पाय घसरला. तोच गुडघा, टम्म सुजलाय. माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडतोय, वर मलाच चिडवतोय की धापा तूच टाकतेस. फोनला रेंज नाही. मागे ती कुत्री आहेत. भुंकत नाहीत. आम्ही थांबलो की थांबतात.

नंतर

दगड भिरकावले, हललीसुद्धा नाहीत. मग आमच्या मधे शिरली. चावत नाहीत, नुसती रेटतात. एक मला खाली, दोन त्याला वर. मी त्याचा हात धरला होता. खरंच घट्ट धरला होता — धुकं उतरलं — तो ओरडला, तू जा, मदत आण. मी गेले नाही हो. मला नेलं —

संध्याकाळ

मला सोडून कुत्री गेली तशी उलटी वर चढले. कोंडवाडा सापडला. बाहेरून कडी. आत कुणी नाही. दगड ओले. वहिनीला काय सांगू? घसा बसेपर्यंत हाका मारल्या. भिंतीला टेकून लिहितेय —

आला! धुक्यातून चालत येतोय! जिवंत आहे माझा दादा —

लंगडत नाही.

कुत्री त्याच्यापुढे जमिनीला पोट टेकून पडलीत. मला हाक मारतोय. आवाज त्याचाच. तोंड मिटलेलं —

कुत्री उठली. माझ्या मागे आलीत — पोटऱ्यांना नाकं लागतायत, रेटतायत, त्याच्याकडे — मी लंगडत नाही, बघा, मी नीट चाल—