डावा पुढचा, उजवा मागचा

नावन, आयर्लंड
२७ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघे खुशाल आहोत. फोनवर मी 'सगळं ठीक' म्हणून मोकळा होतो, म्हणून तुम्ही हाताने लिहून फोटो पाठवायला सांगितलंत. तसं लिहितो आहे. शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे.

काल चित्राच्या गाडीला हिवाळी टायर चढवले. तिची हॉस्पिटलची पाळी सकाळी साडेसातला सुरू होते. आमच्या घरापासूनचा रस्ता दोन्ही बाजूंनी झाडीचा. तिथे ऊन पोचत नाही, आणि दव गोठून काचेसारखं होतं. ते डोळ्याला दिसतही नाही. सात अंशांच्या खाली साधं रबर कडक होतं, हिवाळी मऊ राहतं. इथे फार थोडे लोक असे टायर घालतात. माझ्याबरोबर गॅरेजात काम करणारा शेन म्हणतो, इथे बर्फ वर्षातून दोनदा पडतो आणि दोन्ही वेळा सगळे घरीच बसतात. चित्रा म्हणते, तिच्यापेक्षा मला टायरचीच काळजी जास्त.

चारही टायरच्या नक्षीची खोली मोजली, सात मिलिमीटर आहे. नट समोरासमोर आवळले, पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासणार. काढलेले टायर धुऊन, वाळवून, रिमसकट आडवे रचून ठेवले. आपल्या दुकानातल्या तुमच्या पद्धतीने प्रत्येकावर खडूने लिहिलं: डा. पु., उ. पु., डा. मा., उ. मा. म्हणजे पुन्हा चढवताना ज्याची त्याची जागा चुकायला नको. गॅरेजातल्या गिऱ्हाइकांच्या टायरवरही मी हेच लिहितो.

आमचे मालक डेक्लन म्हणाले आहेत की डिसेंबरपासून हिवाळी टायरचं सगळं काम एकट्या माझ्याकडे. डिप्लोमा अर्ध्यात सोडलेल्या मुलाला एवढी जबाबदारी मिळते आहे. एक विचारू का? विद्याआत्या सांगत होती की तुम्ही कराडात सगळ्यांना सांगता, मुलगा परदेशात कंपनीत आहे. आप्पा, आमच्या गॅरेजात मालक धरून चार माणसं आहेत.

आईस नमस्कार. लोभ आहेच, तो अधूनमधून तपासत राहावा.

आपला,
प्रसन्न

कराड
४ नोव्हेंबर २०२४

चि. प्रसन्न यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर सरळ आहे, काळजी मात्र ओळीओळीला. टायरला ऋतू असतो हे मला साठाव्या वर्षी कळलं. आपल्याकडे नक्षी झिजून टायर गोटा झाला की बदलायचा, आणि पुष्कळ जण तेव्हाही हात जोडून तसेच पुढे जातात. दुकानात सांगितलं तर एक ट्रकवाला विचारू लागला, मग उन्हाळ्यात त्याला पन्हं पाजतात का.

कंपनी म्हणतो, हे खरं आहे. बत्तीस वर्षं माझे हात काळे झाले. तुझे होऊ नयेत म्हणून तुला डिप्लोमाला घातलं. तो सोडलास, ठीक. पण सात समुद्र ओलांडून पुन्हा तोच पाना हातात घेतलास, हे लोकांना कसं सांगू? रागावू नकोस.

दिवाळीला दुकानाची पाटी नव्याने रंगवली. शेवटची ओळ आहे तशीच ठेवली: आमची कोठेही शाखा नाही.

सूनबाईंस आशीर्वाद. थंडीत कान झाकत जा.

तुझा,
आप्पा

नावन
१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे, अक्षरास क्षमा असावी. माझ्या हातून चूक झाली आहे.

आज दुपारी सुपरमार्केटच्या बाहेर ब्रेननबाईंची गाडी उभी दिसली. बाई सत्तरीच्या आहेत, आमच्या गॅरेजच्या जुन्या गिऱ्हाईक. दर आठवड्याला नवऱ्याला उपचारांसाठी टेकडीवरून स्वतः खाली आणतात. सवयीने टायरकडे पाहिलं, तर बाणाचं तोंड उलटं. या टायरना बाण असतो. बाणाच्या दिशेनेच चाक फिरायला हवं, नाहीतर पकड कमी होते. चारही चाकं डावीची उजवीकडे आणि उजवीची डावीकडे चढवली होती.

लक्ष्मीपूजनाला मी रजेवर होतो, तेव्हा ती शेनने चढवली. पण एप्रिलमध्ये ती काढून खुणा लिहिल्या होत्या मी, आणि लिहिल्या होत्या मराठीत. एरवी इंग्रजी शब्द मी तीनदा तपासतो. खडू हातात आला की हात कराडचाच होतो. शेनने ते वाचावं तरी कसं? बाण त्याने पाहायला हवा होता, पण त्याला चुकवलं माझ्या खुणांनी.

गाडीपाशी पावसात चाळीस मिनिटं थांबलो. बाई आल्यावर सगळं सांगितलं, त्यांच्या मागोमाग घरी गेलो आणि अंगणात चारही चाकं आपापल्या बाजूला चढवली. त्यांनी चहा दिला. या आठवड्यात बर्फ सांगितला आहे, म्हणून ते काम आजच करणं भाग होतं. डेक्लनना मात्र अजून माहीत नाही. चित्रा म्हणते, उद्या सकाळी दार उघडताच सांग. सांगणारच आहे. डिसेंबरचं काम बहुतेक जाईल. तुम्ही कंपनी म्हणता तेच बरं, असं आज वाटतं.

आपला,
प्रसन्न

कराड
१८ नोव्हेंबर, सकाळ

चि. प्रसन्न यास,
आशीर्वाद.

दुकान उघडताना पत्र पाहिलं, उभ्याउभ्या उत्तर लिहितो. मालकांना आधी स्वतःची चूक सांग, शेनचं नाव मागाहून. मी नवीन होतो तेव्हा एका जीपचे नट आवळायचे राहिले होते. कळल्यावर उंब्रजपर्यंत सायकल हाणली. जीपवाल्याने चहाच्या गाड्यावर चार माणसांत शिव्या दिल्या आणि पुढे वीस वर्षं गिऱ्हाईक राहिला. ही गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती, लाज वाटायची. आता जा.

तुझा,
आप्पा

नावन
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. डेक्लननी ऐकून घेतलं आणि फळ्यावर डिसेंबरपुढे असलेलं माझं नाव बाहीने पुसलं. चार दिवस नुसते पंक्चर काढले. शेन माझ्याशी फारसा बोलला नाही, पण माझ्या चहात साखर बरोबर घालायचा.

गुरुवारी बर्फ पडला. शुक्रवारी ब्रेननबाई केक घेऊन गॅरेजात आल्या. गुरुवारी सकाळी त्या नवऱ्याला घेऊन टेकडी उतरल्या होत्या. शेजाऱ्याची मोठी जीप मात्र घसरून खड्ड्यात गेली होती. तुमची गाडी कशी चालली असं विचारलं, तर म्हणाल्या, ग्रँड. इथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात, पण त्यांनी ते दोनदा म्हटलं. मग डेक्लनना म्हणाल्या, यापुढे आपल्या चाकांना तो पावसात थांबलेला मुलगाच हात लावेल.

त्या गेल्यावर डेक्लननी खडू दिला आणि माझ्या चार खुणा फळ्यावर लिहून समोर अर्थ लिहायला सांगितला. मी म्हटलं, आजपासून इंग्रजीतच लिहीन. ते म्हणाले, घाईत तू पुन्हा तेच लिहिणार. त्यापेक्षा आम्ही तिघं चार खुणा शिकतो. कुठे शिकलास, असं विचारलं. वडिलांच्या दुकानात, असं सांगितलं. मग फळ्यावर माझं नाव त्यांनी स्वतः लिहिलं.

फोटो सोबत आहे. डावीकडच्या खुणा माझ्या, उजवीकडच्या शेनने गिरवलेल्या.

आपला,
प्रसन्न

कराड
२६ नोव्हेंबर २०२४

चि. प्रसन्न यास,
अनेक आशीर्वाद.

शेनचा 'डा' पोटावर पडलेला दिसतो. उभा करायला शिकव. पण 'पु' माझ्यापेक्षा चांगला काढला आहे, हे त्याला जरूर सांग.

फोटो मोठा करून दुकानात लावला. तो पन्ह्याचा ट्रकवाला बघत उभा राहिला आणि विचारू लागला, मुलगा कुठल्या कंपनीत? म्हटलं, कंपनी नाही, मुलगा टायर बसवतो. आयर्लंडात गोरे लोक आमच्या खुणा गिरवतात. त्याने चहा मागवला, आणि पैसे मी देऊ दिले नाहीत.

काल पेंटरला बोलावलं. पाटी दिवाळीलाच रंगवली, आता काय राहिलं, म्हणून तो कुरकुरत होता. म्हटलं, नवीन काही लिहायचं नाही. खालची 'आमची कोठेही शाखा नाही' ही ओळ तेवढी पुसून टाक.

तुझा,
आप्पा